होडी की नरसाळं? केन्याचा तिसरा पावसाळा

मागचे दोन पावसाळे मी केन्याच्या फुलांचे फोटो काढत होते. दोन निळ्या पाकळ्या, खाली तिसरी बारकी, फिकट, आणि मध्ये पिवळे ठिपके. चारशेच्या वर फोटो जमले. त्यातल्या निम्म्यांवर मला आजही केन्याच्या जातीचं नाव घालता येत नाही, कारण प्रत्येक वेळी कॅमेरा फुलाच्या तोंडासमोर धरलेला आणि खूण असते ती फुलाच्या मागे. म्हणून यंदा ठरवलं, फूल शेवटी बघायचं.

६ जुलै, वेताळ टेकडी. फुलं अजून नाहीत. पण साधा केना, म्हणजे कॉमेलिना बेंगालेन्सिस, फुलाआधीही ओळखता येतो, हे यंदा पहिल्यांदा नीट पटलं. पान रुंद, अंडाकृती. पानाच्या बुडाची नळी खोडाला बिलगलेली असते, तिच्या तोंडावर तांबूस, राठ केस. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर पान उन्हाकडे धरा. केना-कुर्डूची भाजी खुडणाऱ्या बायकांना हे केस बघावेही लागत नाहीत, त्यांच्या बोटांना ते कळतं. भज्यांना लागतो तो हाच रुंद पानाचा केना.

२० जुलै, तीच वाट. सकाळी साडेसातला पहिली फुलं. अकरा-साडेअकरापर्यंत मिटायला लागतात आणि दुपारी त्यांचा निळा चिखल होतो. हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, कागदावरही त्यांचं काही उरत नाही. राहतं ते फुलाखालचं दुमडलेलं पान, ज्यातून कळ्या एकेक करून बाहेर येतात. पुस्तकं त्याला स्पेद म्हणतात. मी वहीत दोनच शब्द लिहिते: होडी किंवा नरसाळं.

दोन बोटांत धरून पाठीमागची कड उघडून बघायची. दोन्ही कडा बुडापर्यंत सुट्या असतील तर ती होडी. एका बाजूला शिवल्यासारख्या जोडलेल्या असतील तर नरसाळं. साध्या केन्याचं नरसाळं असतं, तेही जवळजवळ बिनदेठाचं, शेंड्याला दोन-तीन मिळून दाटीने बसलेलं. दाबलं की आतून बुळबुळीत पाणी येतं.

त्याच दिवशी उताराच्या कोरड्या बाजूला, खडकाच्या फटीत एक झुडपी पसरलेली दिसली. नरसाळंच, पण पानं अरुंद आणि कडा लाटेसारख्या वळलेल्या. नळीच्या तोंडावर तांबूस केस नाहीत. कॉमेलिना फोर्स्काओली. गेल्या वर्षी हीच जागा मी 'साधा केना, उन्हामुळे पान बारीक' अशी नोंदवली होती. ती नोंद आज खोडली आणि शेजारी तारीख घातली.

३ ऑगस्ट, मावळातली भातखाचरं. इथे होडीचं राज्य. बांधाच्या कडेला, पाय रुतेल अशा ओलीत, पेरापेराला मुळं सोडत पसरलेला केना. पान भाल्यासारखं लांब. होडीला चांगला सेंटीमीटरभर देठ, कडा बुडापर्यंत मोकळ्या. कॉमेलिना डिफ्यूजा. शेताच्या मालकीणबाई बेणणी करत होत्या. म्हणाल्या, "ताई, याचा फोटो कशाला? उपटून बांधावर टाकला तरी पाऊस आहे तोवर परत धरतो." तो का धरतो ते समोर पेरापेरावर दिसतच होतं.

१७ ऑगस्ट. खुरपं घेऊन गेले. साधा केना बुडासकट काढला. मातीत पांढरे, जाडसर कोंब गेलेले आणि त्यांच्या टोकाला जमिनीखालीच लहान फुलं! ती कधी उमलत नाहीत, आतल्या आतच बी धरतात. म्हणजे वरचं फूल कीटकांसाठी आणि खालचं केवळ स्वतःसाठी. वरच्या आणि खालच्या दोन्ही फुलांत लहान-मोठं असं दोन तऱ्हेचं बी होतं, एकाच रोपात चार प्रकार. फोर्स्काओलीतही जमिनीखालची फुलं सापडली, डिफ्यूजात नाहीत. तेव्हा खुरपं होडी-नरसाळ्याला दुजोरा देतं, पण दोन नरसाळ्यांमधला फरक पान आणि केसांवरूनच करावा लागतो.

कॉमेलिना या नावाची गोष्ट मला फार आवडते. वनस्पतींना नावं देणाऱ्या लिनियसने १७३७ मध्ये लिहिलं की दोन ठळक पाकळ्या म्हणजे कॉमेलिन घराण्यातले दोन नामांकित वनस्पतिज्ञ आणि तिसरी फिकी पाकळी म्हणजे काही करून दाखवण्याआधीच गेलेला तिसरा. त्या दोघांतल्या यान कॉमेलिनने 'होर्टुस मलाबारिकुस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या काही खंडांना टिपा लिहिल्या होत्या. त्याच ग्रंथाला रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांनी हातभार लावला होता. आपल्या बांधावरच्या फुलाचं परकं नाव असं फिरून आपल्याच किनाऱ्याला येऊन टेकतं.

७ सप्टेंबर, पुन्हा मावळ. एका बांधावरची होडी वेगळी वाटते: विळ्यासारखी वाकलेली, वरून कुठलीच दांडी बाहेर न डोकावणारी. डिफ्यूजात होडीच्या तोंडातून फुलाची आणखी एक दांडी बऱ्याचदा बाहेर येते. मग ही कॉमेलिना कॅरोलिनियाना का? नाव अमेरिकेचं, कारण वर्णन तिथून १७८८ मध्ये झालं. मात्र ही मूळची भारतातली, बहुधा भाताच्या बियाण्याबरोबर तिकडे गेलेली, आणि तिथे ती दीर्घकाळ डिफ्यूजा म्हणूनच खपत होती. हे १९८९ मध्ये वनस्पतिज्ञ रॉबर्ट फेडन यांनी उलगडलं.

निकाल बीच देईल. डिफ्यूजाच्या बीवर खोल जाळी असते, कॅरोलिनियानाचं बी जवळजवळ गुळगुळीत. माझ्या तीनही बोंडांतलं बी अजून पांढरं, कोवळं आहे. बोंड पिकलं की तडकून बी चिखलात जातं, म्हणून सहा होड्यांवर मलमलीचे तुकडे सैल बांधून आले आहे. मालकीणबाईंनी ती कड न बेणण्याचं कबूल केलंय. पुढची फेरी २१ तारखेला.