काटा नव्वदवर, चित्र बासष्टचं: रायझर पॅनेलची पुढची हकीकत

मंडळी, रायझर पॅनेलचा गुंता सुटला. तीन आठवडे खाल्ले त्यानं, पण काल रात्री साडेअकराला सुटला. (नव्यांसाठी: रायझर म्हणजे ओतकामात कास्टिंगला जोडून ठेवलेला जादा धातूचा साठा, कास्टिंग गोठताना आकसतं ती जागा भरून काढणारा. आणि पॅनेल म्हणजे स्लायडरनं रायझरचा व्यास बदलला की उष्णतेचं चित्र दाखवणारी, ऑक्टेव्ह या मोफत गणिती सॉफ्टवेअरमधली माझी खिडकी.) बाहेर आपल्या बेळगावचा पाऊस धो धो पडत होता, करंट दोनदा गेला होता आणि मी स्लायडर वेड्यासारखा इकडून तिकडे ओढत बसलो होतो. काटा थांबेल तिथलंच चित्र येत होतं. प्रत्येक वेळी.

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की पॅनेल जवळजवळ तयार आहे, फक्त जाळी (ज्या बिंदूंवर तापमान काढतो ती) चार मिलिमीटरवरून दोनवर आणायची राहिलीय. ती आणली आणि तिथूनच सगळं बिघडलं. दोन मितींत जाळीचं अंतर निम्मं केलं की बिंदू चौपट होतात. शिवाय एक्सप्लिसिट पद्धतीत (आधीच्या तापमानांवरून थेट पुढचं काढायचं) अल्फा, म्हणजे उष्णता पसरण्याचा गुणांक, गुणिले काळाचं पाऊल डेल्टा-टी भागिले जाळीचं अंतर डेल्टा-एक्सचा वर्ग हे एक चतुर्थांशाच्या आत ठेवावं लागतं, म्हणून काळाची पावलंही चौपट होतात. एकूण काम सोळापट. फॉर लूप काढून सगळं मॅट्रिक्सच्या तुकड्यांवर नेलेलं असूनही (त्याबद्दल आधी लिहिलंय) माझ्या जुन्या लॅपटॉपवर एका हिशेबाला अर्धा सेकंद लागायला लागला.

अर्धा सेकंद फार नाही असं मला वाटलं. पॅनेल घेऊन रविवारी उद्यमबागेत, इथल्या औद्योगिक वसाहतीत, मामांच्या पॅटर्न शॉपमध्ये (ओतकामाचे नमुने बनतात तिथे) गेलो. मामांनी स्लायडर धरला, रायझरचा व्यास चाळीसवरून झपकन नव्वदवर नेला आणि सोडला. चित्र हललं, नव्वदचं झालं, आणि मग आपोआप मागे जाऊन बासष्टवर थांबलं.

मामा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे बघ की, काटा नव्वदवर हाय आणि चित्र बासष्टचं दावतंय. खरं कुणाचं धरायचं आम्ही?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. बासष्टचा रायझर ठेवून कुणी मोल्ड भरला तर रायझर कास्टिंगच्या आधी गोठणार, श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) आत राहणार आणि अख्खा नग भंगारात. लॅपटॉप मिटून घरी आलो.

आधी ही भानगड कुठून येते ते सांगतो, कारण तुमच्यापैकी निपाणीच्या एका मित्रानं तोच कोड कॉलेजातल्या मॅटलॅबवर (ऑक्टेव्हसारखंच, पण विकतचं सॉफ्टवेअर) चालवला आणि "माझ्याकडे बरोबर चालतंय" असं कळवलं. बरोबरच चालणार. मॅटलॅबमध्ये यूआयकंट्रोलच्या, म्हणजे खिडकीत बसवलेल्या, स्लायडरचा साधा कॉलबॅक (स्लायडर हलवला की चालवायचा कोड) बोट सोडल्यावर एकदा चालतो. ओढत असताना हवा असेल तर वेगळा लिसनर लावावा लागतो. माझ्या ऑक्टेव्हमध्ये मात्र स्लायडर ओढत असतानाच दर बदलाला कॉलबॅक चालत होता. मला तेच हवं होतं. रायझर मोठा होताना उष्णतेचा लाल पट्टा कसा वर सरकतो हे डोळ्यांदेखत दिसावं, यासाठीच तर हा खटाटोप.

पहिला सुगावा अगदी साध्या युक्तीनं लागला. कॉलबॅकच्या पहिल्या ओळीत एक क्रमांक वाढवून "आत" छापलं, शेवटच्या ओळीत "बाहेर". मला वाटलं होतं आत १४, बाहेर १४, आत १५, बाहेर १५ असं दिसेल. दिसलं ते असं: आत १४, आत १५, आत १६, बाहेर १६, बाहेर १५, बाहेर १४. डब्यात डबा. सगळ्यात नवा आधी संपतोय आणि सगळ्यात जुना शेवटी उठून आपलं शिळं चित्र वर चढवतोय.

दार उघडं ठेवलं होतं मीच. हिशेबाआधी "गणित चालू" अशी पाटी दिसावी म्हणून मध्ये एक ड्रॉनाऊ (पडदा लगेच रंगवण्याचा आदेश) टाकला होता. इंटरप्टिबल (कॉलबॅक मध्येच अडवता येणं) हा गुणधर्म मुळात ऑन असतो, आणि ड्रॉनाऊ, पॉज, वेटफॉर, फिगर, गेटफ्रेम यांतलं काहीही आलं की तिथे दुसरा कॉलबॅक आत घुसू शकतो. जाळी चारची होती तेव्हा स्लायडरचा पुढचा धक्का यायच्या आत काम उरकत होतं, म्हणून चूक लपून राहिली. दोनच्या जाळीनं ती उघडी पाडली.

मग इंटरप्टिबल ऑफ केलं. बिझीॲक्शन (काम चालू असताना आलेल्या कॉलबॅकचं काय करायचं ते) क्यूवर, म्हणजे रांगेवर, ठेवलं तर शेवटी चित्र बरोबर येतं, पण मधला एकेक धक्का रांगेत उभा असतो. बोट सोडल्यावरही चित्र कितीतरी वेळ रांगत राहतं. कॅन्सलवर ठेवलं तर झटपट होतं, पण हिशेब चालू असताना आलेले सगळे धक्के फेकले जातात आणि त्यांत शेवटचाही जातो. काटा नव्वद, चित्र चौऱ्याऐंशी. हे मला बासष्टपेक्षाही वाईट वाटलं, कारण चौऱ्याऐंशी आणि नव्वद यांतला फरक नुसत्या नजरेला कळत नाही.

म्हणजे हवं होतं असं: चालू हिशेब पुरा होऊ दे, मधले सोडून दे, पण शेवटचा कधीही चुकवू नको. त्यासाठी दोन खुणा ठेवल्या, 'गुंतलोय' आणि 'बाकी आहे'. कॉलबॅक आला आणि 'गुंतलोय' खरं असेल तर फक्त 'बाकी आहे' खरं करून परत जायचं. नसेल तर आत शिरून लूप चालवायचा: 'बाकी आहे' खोटं कर, स्लायडरची किंमत त्या क्षणी वाच, हिशेब कर, चित्र बदल, ड्रॉनाऊ. तेवढ्यात कुणी 'बाकी आहे' खरं केलं असेल तर पुन्हा फेरी. इंटरप्टिबल परत ऑन, कारण आता दार उघडं असणंच उपयोगाचं.

कागदावर हे पक्कं होतं. चालवलं तर शेवटची किंमत तरीही चुकत होती! पुढचे दहा दिवस इथे गेले.

दोन्ही खुणा मी गुईडेटामध्ये (खिडकीला जोडलेला माहितीचा साठा) ठेवल्या होत्या, बाकी सगळ्या सामानाबरोबर एकाच स्ट्रक्टमध्ये. आणि गुईडेटा हातात देतो ती प्रत असते, मूळ नव्हे. जुना कॉलबॅक आपली प्रत घेऊन हिशेबाला बसतो. ड्रॉनाऊच्या वेळी नवा येतो, स्वतःची प्रत घेतो, तिच्यात 'बाकी आहे' खरं करून परत ठेवतो आणि जातो. जुना उठतो आणि बघतो कुठे, तर स्वतःच्या जुन्या प्रतीत. तिथे अजून 'खोटं'च. लूप संपवतो आणि जाता जाता आपली शिळी प्रत गुईडेटावर लिहून नव्याचा निरोपही पुसून टाकतो.

हे समजलं तेव्हा कोडच्या चार ओळी बदलल्या. खुणा स्ट्रक्टमधून काढल्या, सेटॲपडेटानं फिगरवर वेगवेगळ्या नावांनी टांगल्या आणि प्रत्येक वेळी गेटॲपडेटानं ताज्या वाचल्या. कंटेनर्स-मॅप वापरूनही हे होतं, कारण तो हँडल (मूळ वस्तूकडे बोट दाखवणारा) असतो, त्याची प्रत होत नाही. पण दोन खुणांसाठी ॲपडेटा सुटसुटीत. माझं आता ठाम मत झालंय: गुईडेटात फक्त न बदलणारं ठेवा, हँडल्स, धातूचे गुणधर्म, जाळी. कॉलबॅकच्या मध्ये बदलणारी कुठलीही गोष्ट तिथे नको.

एक सावधगिरी: लूपभोवती अनवाइंड-प्रोटेक्ट घालाच. मी व्यासाच्या चौकटीत चुकून रिकामं सोडलं, हिशेबात एरर आली, 'गुंतलोय' खरंच राहिलं आणि त्यानंतर स्लायडर मेल्यासारखा झाला. आता एरर आली तरी खूण उतरते.

देवनागरीचाही एक प्रश्न मार्गी लागला. पाट्यांची रुंदी मी अक्षरं मोजून ठरवत होतो आणि मराठी पाट्या तिप्पट रुंद येत होत्या. ऑक्टेव्हमधली स्ट्रिंग म्हणजे यूटीएफ-८ चे बाइट्स. 'रायझर'ची लेंग्थ विचारली तर १५ सांगतो, कारण देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट्सची. कन्नडचंही तसंच, आणि शॉपमधले निम्मे मोल्डर कन्नड वाचतात, त्यामुळे भाषेचा पॉपअप मेनू ठेवावाच लागणार होता. आता रुंदी मोजतच नाही, युनिट्स नॉर्मलाइज्ड करून (मापं खिडकीच्या प्रमाणात) जागा वाटून दिल्यात. आलेखाच्या टायटलमध्ये मात्र पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसत होती. बटणावर तोच शब्द नीट दिसतो, कारण तिथे मजकूर क्यूटी (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) जुळवतं. म्हणून टायटल रिकामं ठेवलं आणि आलेखाच्या वर टेक्स्ट जातीचं यूआयकंट्रोल चिकटवलं. 'उष्णता व गोठण्याची स्थिती' ही ओळ पहिल्यांदा शुद्ध दिसली तेव्हा आईला बोलावून दाखवली.

सामानाबद्दल थोडं. थर्मोकपलसाठी (तापमान मोजणारी तार) ऑनलाइन मागवलेल्या, तिचं तापमान वाचणाऱ्या दोन मॅक्स-६६७५ मॉड्यूल्सपैकी एक पहिल्या दिवसापासून भलतेच आकडे देत होतं. पाठवणाऱ्यानं परत घेतलं नाही. पुढच्या वेळी मी गावातल्या दुकानातून, समोर लावून बघूनच घेणार. आणि हे मॉड्यूल १०२४ अंशांपर्यंतच वाचतं, म्हणून तार धातूत नाही, वाळूत ठेवायचीय.

आता आकडे, कारण मामांना चित्रापेक्षा तेच हवेत. नमुन्याचा ठोकळा १२० बाय १२० बाय ६० मिलिमीटर. घनफळ भागिले पृष्ठभाग, म्हणजे मॉड्युलस, नेमकं १५. रायझरचं त्याच्या १.२ पट, म्हणजे १८. ख्वोरिनोव्हच्या नियमात वेळ मॉड्युलसच्या वर्गाप्रमाणे वाढते, तेव्हा रायझर १.४४ पट उशिरा गोठतो. उंची व्यासाइतकी धरून सगळ्या बाजू थंड होतात असं मानलं तर मॉड्युलस व्यासाच्या सहाव्या हिश्श्याइतकं, म्हणून व्यास १०८. ठोकळ्यावर टेकलेली खालची बाजू सोडली तर पाचवा हिस्सा, म्हणून ९०. मामांनी काटा नव्वदवर नेला होता तो याच हिशेबानं.

पण हे लिहिता लिहिताच लक्षात येतंय की नव्वदसुद्धा अपुरा आहे. गळा (रायझर आणि ठोकळा जोडणारा अरुंद भाग) न ठेवता रायझर सरळ वर बसवला तर तो ठोकळ्याचीही तेवढी बाजू झाकतो. मग ठोकळ्याचा थंड होणारा पृष्ठभाग घटतो आणि मॉड्युलस १५ वरून सुमारे १६.९ होतं. म्हणजे रायझर वाढवायला हवा, तो वाढला की आणखी बाजू झाकली जाते. आत्ता कागदावर फेऱ्या मारून बघितल्या: ९०, १०१, १०४.६, १०५.८, आणि १०६ च्या पुढे जराशावर स्थिरावतंय. १२० च्या बाजूवर १०६ चा रायझर कुणी बसवणार नाही, तोडून काढणंच मुश्कील. तेव्हा गळा हवा, नाहीतर रायझर बाजूला हवा.

त्यामुळे पुढचा बेत बदलतोय. कन्नड पाट्या पुऱ्या करणार होतो, त्या आठवडाभर मागे. आधी गळ्याच्या व्यासाचा दुसरा स्लायडर. दोन्ही स्लायडरना एकच कॉलबॅक आणि त्याच दोन खुणा, म्हणजे एक ओढताना दुसऱ्याला कुणी हात लावला तरी चित्र दोन्हींच्या ताज्या किमतींचंच येईल. गळा ठोकळ्याच्या आधी गोठून वाट बंद करतोय का, तेही मग रंगातच दिसेल.

आज दुपारी मामांना फोन केला. चित्र आता काट्याला सोडत नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, "येत्या हीटला, भट्टी लागेल तेव्हा, साच्याचा एक बॉक्स तुझ्यासाठी राखून ठेवतो. गळा किती ठेवायचा ते शुक्रवारपर्यंत सांग." आज मंगळवार. दुसऱ्या स्लायडरची चौकट काढून झालीय, कॉलबॅक जोडायचाय.