अडीच इंचांची खिडकी

ह्यूस्टन, रविवार, रात्र

आजचा सगळा दिवस जॉर्ज आर. ब्राउन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये इंटरनॅशनल क्विल्ट मार्केट पाहण्यात गेला. क्विल्ट म्हणजे कापडाचे तुकडे जोडून शिवलेले, आपल्या गोधडीसारखे पांघरूण. 1979 पासून भरणारे हे प्रदर्शन केवळ व्यापाऱ्यांसाठी असते. ज्या कापडदुकानात मी अर्धवेळ काम करते, तिथल्या मालकीणबाईंबरोबर आल्यामुळे मला आत जाता आले. इथे मांडलेले बरेचसे कापड अजून पूर्णपणे छापूनही झालेले नसते. टेबलावर छपाईचे पहिले नमुने, मागे त्यांचेच शिवलेले क्विल्ट आणि समोर मागणी नोंदवायची वही, एवढाच सरंजाम. नोंद आज करायची, तागे काही महिन्यांनी येणार आणि ती छपाई संपली की बहुधा पुन्हा निघत नाही. त्यामुळे पाहताना हौस बाजूला ठेवावी लागते.

मी बरोबर एक जुना पुठ्ठा नेला होता. त्याला मधोमध अडीच इंचांचा आणि बाजूला पाच इंचांचा असे दोन चौकोनी झरोके कापले आहेत. क्विल्टचे कापड तुकडे करण्यासाठीच घेतले जाते. तयार विकल्या जाणाऱ्या गुंडाळीतील पट्ट्या अडीच इंच रुंद असतात आणि चौकोनांच्या गठ्ठ्यातील चौकोन पाच इंचांचे. तेव्हा अखंड कापड कसे दिसते यापेक्षा या झरोक्यातून काय उरते, हे मला आधी पाहायचे असते. एका दालनात भिंतभर पसरलेली, परातीएवढ्या डेलियांची नक्षी पाहायला गर्दी जमली होती. पुठ्ठा ठेवला तर एका जागी नुसता जांभळा रंग, दुसऱ्या जागी पानाचे टोक आणि तिसऱ्या जागी काय आहे ते सांगताच येऊ नये असा डाग. त्याच मालिकेत, म्हणजे एकमेकांना जुळतील अशा बेताने काढलेल्या कापडांच्या संचात, अगदी खालच्या फळीवर राखाडी पांढऱ्यावर बारीक, वेड्यावाकड्या रेघांचे एक कापड होते, त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. पण झरोक्यातून ते कुठूनही सारखेच, शांत आणि पूर्ण दिसत होते.

एका मालिकेत साधारणपणे अशी दोन-चार मोठी, नजरेत भरणारी छापे असतात, काही मध्यम आकाराच्या वेलबुट्ट्या असतात आणि उरलेली सगळी ठिपके, पट्टे किंवा रंगातच रंग मिसळलेली कापडे. जाहिरात पहिल्यांची होते, पण दुकानात वार मोजून कापताना हात दुखतो तो शेवटच्यांमुळे. आज मी प्रत्येक मालिकेचे मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहिले. रंग गेला की गडद, मध्यम आणि फिकट यांची खरी वाटणी कळते. तीन दालनांतील मालिका अशा निघाल्या की सगळीच्या सगळी कापडे एकाच मध्यम छटेची; त्यांचा क्विल्ट कितीही कौशल्याने शिवला तरी तुकड्यांची चांदणी पार्श्वभूमीतून उठून दिसणार नाही. फिकट कापडे करायला कंपन्या इतक्या नाखूष का असतात, हे मला अजून उमगलेले नाही.

सर्वांत जास्त वेळ मी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या अठराव्या शतकातील चिटांवर, म्हणजे फुलापानांच्या नक्षीच्या रंगीत सुती कापडांवर, बेतलेल्या एका मालिकेपाशी घालवला. मूळ कापडावर कारागीर कलमाने रंगबंधक (रंग पक्का धरून ठेवणारे द्रव्य) लावत आणि चायमूळ नावाच्या मुळीच्या लाल रंगात ते उकळत. पाकळीच्या आतल्या केसासारख्या पांढऱ्या रेघा मात्र आधी वितळलेल्या मेणाने काढून ठेवलेल्या असत, म्हणजे तिथे रंग चढत नसे. या कापडाने युरोपातल्या विणकरांचे धाबे असे दणाणले की फ्रान्सने 1686 मध्ये त्यावर बंदीच घातली. आजच्या नमुन्यात त्या पांढऱ्या रेघाही जशाच्या तशा उचलल्या आहेत, पण त्या यंत्रावर छापलेल्या असल्याने सगळ्या एकाच जाडीच्या आहेत. भिंगातून पाहिले तेव्हा मेणाची रेघ जिथे संपताना बारीक होत जाते, तो हाताचा उतार कुठेच दिसला नाही. तरीही लाल रंग फार चांगला साधला आहे. कापडाच्या काठावर रंगांचे ठिपके छापलेले असतात, दर ठिपका म्हणजे छपाईची एक स्वतंत्र जाळी; इथे ते पंधरा होते, आणि त्यांतले चार केवळ लालाचे.

ही नक्षी झरोक्यात मरते, हे मालकीणबाईंना पुठ्ठा ठेवून दाखवले, तेव्हा त्या मालिका सोडायलाच निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवले. चीट महाग होती त्या काळात तिची फुले, पक्षी कात्रीने कडेकडेने कापून साध्या पांढऱ्या कापडावर टाचत असत. ब्रोडरी पर्स नावाने ती पद्धत इथल्या जुन्या क्विल्टमध्ये भरपूर सापडते. आमच्याकडच्या गोधडीतही लुगड्याचे मोठे तुकडे जसेच्या तसे ठेवून त्यांवर धावदोरा घालतात, बुट्टी चिरत बसत नाहीत. चौकोन पाडायचे नसतील तर मोठ्या नक्षीवर काहीच अन्याय होत नाही. फक्त गिऱ्हाइकाला तसा एक नमुना शिवून दाखवावा लागेल, आणि ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले आहे.

डिजिटल छपाईची दालने भराभर पाहिली. तिथे जाळ्यांची मर्यादा नाही, त्यामुळे छायाचित्रासारखे मोर आणि सूर्यास्त निघतात. हाताळलेल्या बहुतेक नमुन्यांची उलट बाजू मात्र जवळजवळ पांढरी होती आणि ते मला रुचत नाही. नाताळच्या छापांबद्दल काही लिहीत नाही, ती खपतात.

शेवटी ठरले ते असे: डेलियाच्या मालिकेतून मोठे फूल एकच तागा आणि राखाडी रेघांचे कापड तीन तागे, चिटेच्या मालिकेतून जीवनवृक्षाची नक्षी आणि तिच्या जोडीची दोन साधी लाल कापडे. क्विल्टच्या पाठीला लावायच्या 108 इंच पन्ह्याच्या कापडाचा निर्णय उद्यावर ढकलला आहे; मालकीणबाईंना गडद निळे हवे आहे, मला बदामी, आणि दर दोन्हींचा सारखाच आहे.