मनुदेवीचा नाला : सातपुड्याच्या पायथ्याची झुडपं बघायला जाताय तर

फेब्रुवारीच्या सुरुवातीला जळगाव जिल्ह्यात यावलजवळच्या मनुदेवीच्या देवळाला जाऊन आलो, दर्शन तर घेतलंच पण खरं काम होतं नाल्याच्या काठची झुडपं बघायचं. लोक पावसाळ्यात धबधब्याला येतात, नवरात्रात देवीला येतात, आणि या झाडोऱ्याला "नुसती काटेरी झुडपं" म्हणून पुढे जातात, याचं मला फार वाईट वाटतं. खान्देशातलं सगळ्यात शिकण्यासारखं जंगल मला तरी हेच वाटतं.

जायचं कसं तर जळगाव किंवा भुसावळपर्यंत रेल्वे, तिथून यावलला एसटी, आणि पुढे यावल-चोपडा रस्त्यावरून आडगावकडे आत वळायचं. आतल्या रस्त्याला स्वतःची गाडी असलेली बरी. केळीचे मळे संपले की जमीन एकदम दगडगोट्यांची होते, तिथे गाडी हळू घ्या आणि बाहेर नीट बघा. हा सातपुड्यावरून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि वाळूचा थर आहे, भूजलवाले याला बझाडा पट्टा म्हणतात. डोंगरातून आलेलं पाणी इथे आल्यावर जमिनीत मुरतं म्हणून नाला वर वाहता आणि खाली कोरडा दिसतो. यावल-रावेरच्या केळीच्या बोअरवेलांना पाणी मिळतं त्यात या मुरण्याचा मोठा वाटा आहे, आणि काठची झुडपं माती धरून ठेवतात म्हणून तर पाण्याला मुरायला वेळ मिळतो.

आता मुद्द्याचं. नाल्याच्या लांबीने सरळ चालत सुटू नका, आडवे चढा. पाण्यापासून उतारावर थोडंसं वर गेलात तरी झाडं बदलतात. अगदी काठाला करंज, उंबर आणि निर्गुडी. निर्गुडीचं पान चुरगाळून वास घ्या, पुन्हा ओळखायला चुकणार नाही, आणि तिची लवचिक खोडं पुराचं पाणी वाहतं त्या दिशेला कशी कलून वाढलीत तेही बघा. त्याच्या वर मुरुडशेंग, बोर, हेंकळ, करवंद असं गुंतलेलं रान, यात आत घुसता येतच नाही आणि तेच चांगलंय, तितर आणि ससे यातच सुरक्षित राहतात. मुरुडशेंगेच्या पिळवटलेल्या वाळक्या शेंगा यावेळी भरपूर होत्या, आपल्याकडे बाळांच्या पोटदुखीवर उगाळून देतात ती हीच. अजून वर उन्हाने भाजलेला उघडा खडक, तिथे थोर, सालई आणि अंजन. अंजनाचं पान आपट्यासारखं जोडपान पण लहान, लाकूड मात्र इतकं जड की पाण्यात बुडतं.

सगळ्यात जास्त वेळ मी धायटीपाशी बसलो. खडकाच्या फटीत, माती जवळजवळ नाही अशा जागी ही उभी असते आणि ऐन फेब्रुवारीत सगळी फांदी लाल फुलांनी भरते. शिंजीर पक्षी एका झुडपावरून दुसऱ्यावर सारखे येत होते. वैद्य लोक आसव-अरिष्ट आंबवायला ही फुलं घालतात. गुरं घेऊन आलेले एक तडवी काका भेटले, त्यांनी फूल चोखून दाखवलं आणि मी बोर समजून हात घातला त्यावर म्हणाले, "भाऊ, ते घटबोर आहे, त्याला गर नाही." सोबत गावातला माणूस असला तर झाडं दुप्पट दिसतात, तेव्हा कुणाला तरी नक्की घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसेही द्या.

एक गोष्ट मनाला लागली. वाटेजवळ जिथे झुडपं तोडलीत तिथे घाणेरी (टणटणी, हे बाहेरच्या देशातून आलेलं झुडूप) घुसलीय, आणि तिच्याखाली बोर-करवंदाचं एकही रोप दिसलं नाही. जागा साफ करून वृक्षारोपण करणाऱ्यांनी आधी हे येऊन बघावं, असं फार वाटलं.

कपडे जाड आणि पूर्ण बाह्यांचे घाला, हेंकळीचे काटे जीन्समधूनही लागतात. घोट्यापर्यंतचे बूट हवेतच, दगडांखाली फुरसं हा विषारी साप असतो, त्यामुळे दगड उलटू नका आणि न बघता हात टेकू नका. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं तर खाली आवाज, धूर, परफ्यूम काही नको. पाणी घरून न्या, सकाळी लवकर जा, अकरानंतर दक्षिणेकडच्या उतारावर थांबवत नाही आणि एप्रिल-मे तर विसराच. वाट सोडून आत जायचं असेल तर आधी वनरक्षकांना विचारा. परत येताना यावलकडे भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली तर सोडू नका.

पावसाळ्यात वेगळंच रान असतं, आषाढात वाघाटी मिळते, द्वादशीच्या पारण्याला भाजी करतात ती, आणि नंतर काठाने कळलावीची फुलं येतात. फक्त तेव्हा वर डोंगरात पाऊस दिसत असेल आणि नाल्याचं पाणी गढूळ झालं तर ओलांडायला जाऊ नका, काठावरच थांबा, लोंढा फार पटकन येतो.