नऊ घरं, नऊ तऱ्हा

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहराच्या वायव्येला हेनबरी म्हणून भाग आहे. अगदी साधी वस्ती. तिथेच हॅलन रोडला लागून ब्लेझ हॅमलेट ही जुन्या घरांची छोटी वाडी आहे. तिकीट वगैरे काही नाही. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे १९४३ पासून ही जागा आहे. घरांत भाडेकरू राहतात, त्यामुळे सगळं बाहेरूनच बघायचं. बिघडत काही नाही, ती बांधलीच आहेत बाहेरून बघण्यासाठी!

हिरवळीभोवती नऊ कॉटेजेस आहेत. ओक, रोझ, जास्मिन, डायल अशी त्यांची नावं, आणि एकासारखं दुसरं नाही. जॉन हार्फर्ड या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) बँकरने आपल्या इस्टेटीवरच्या थकलेल्या नोकरांसाठी १८११च्या सुमारास ती बांधून घेतली. वास्तुकार जॉन नॅश, पुढे लंडनची रीजंट स्ट्रीट आखणारा.

मी सगळ्यात जास्त वेळ छपरं न्याहाळली. काही दगडी पाट्यांची, काही शाकारलेली. मुख्य छपराला जोडून पडवीचं बुटकं छप्पर, त्याला लागून आणखी एक. लाकूडफाटा, न्हाणीघर असल्या गोष्टी एरवी मागीलदारी लपवतात. नॅशने त्यांच्याच उतरत्या पाख्यांतून घराचा आकार घडवला. शाकारलेली वळचण इतकी खाली येते की वरच्या मजल्याच्या खिडकीवर गवताची भुवई चढल्यासारखी दिसते. आणि धुराडी! विटांची, नक्षीदार, घराच्या मानाने भलतीच उंच. पेन्शनरच्या दोन खोल्यांवर एवढा थाट कशाला, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

तरी हार्फर्ड बरा म्हणायचा. इंग्लंडच्याच डॉर्सेट परगण्यात लॉर्ड मिल्टनने हवेलीजवळ नको म्हणून अख्खं गाव पाडलं आणि १७८०च्या आसपास मिल्टन अ‍ॅबस वसवलं. रस्त्याच्या दुतर्फा एकाच साच्यातली शाकारलेली घरं, प्रत्येकात दोन कुटुंबं. फोटोत ते फार गोड दिसतं.

ब्लेझमध्येही मालकाची हौस लपत नाही. हिरवळीवरचा १८१२चा पंप बघा. वर सूर्यघड्याळ, देखणा खांब. चित्र फार आखीव दिसू नये म्हणून तो मुद्दाम मध्यापासून जरा बाजूला उभा केलाय. म्हणजे काही घरांना पाणी लांब पडलं. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला त्या चित्राचं किती कौतुक असेल, देव जाणे.