तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाळ्यात खिडकी उघडी का?

"सगळी पेठ दारं-खिडक्या लावून बसलीय आणि तुमचीच खिडकी सताड उघडी. घरात ओल येत नाही काय?" आषाढ लागला की शेजारच्या काकू विचारतात, माहेरची माणसंही विचारतात. म्हणून सांगते.

झड पश्चिमेकडून आली की ती बाजू मी लावतेच, पूर्वेची उघडी राहते. बरीचशी ओल आपणच घरात तयार करतो. दोरीवरचे न वाळणारे कपडे, भाताची वाफ, आंघोळीचं कढत पाणी, बंद खोलीत झोपलेल्यांचा श्वास. वाट मिळाली नाही की हे सगळं गार भिंतीवर बसतं आणि कपाटामागे बुरशी धरते. आमच्या सासूबाईंना दमा आहे, आणि बुरशीने दमा उसळतो. त्यांचा पलंग मी भिंतीपासून वीतभर पुढे ओढलाय.

त्याहून मोठी काळजी धुराची. तांबड्या रश्श्याचा मसाला परतताना घरभर ठसका लागतो, तेव्हा तापल्या तेलाच्या धुरात २.५ मायक्रॉनहून बारीक कणही असतात. ते नाकात अडकत नाहीत, फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. आपल्या देशाची ६० आहे. फोडणीच्या वेळी बंद स्वयंपाकघरात दोन्ही सहज ओलांडल्या जातात. म्हणून कढई तापायच्या आधीच एक्झॉस्ट लावायचा आणि समोरची खिडकी उघडायची.

डासांचं म्हणाल, तर जाळी बसवा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघाल्याचं आढळलं होतं. ती लेकराच्या उशाशी रात्रभर जळत ठेवणं मला बघवत नाही.

आणि गॅस गिझर. पूर्वी बंब परसात पेटायचा, धूर आभाळात जायचा. आता तीच आग दार लावलेल्या बाथरूममध्ये असते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ताकदीने चिकटतो. डोकं जड होतं, पाय लटपटतात, कडी काढायचंही भान उरत नाही. तुमचा गिझर आत असेल तर बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्या. तोवर बादली भरायची, गिझर बंद करायचा, दार उघडून हवा खेळू द्यायची आणि मगच आंघोळीला बसायचं.