तुम्हाला वार-तारीख काही असतं की नाही?

हा प्रश्न सासुरवाडीत, लग्नात, गल्लीत, सगळीकडे विचारतात. मालगाडी चालवणाऱ्याला सणवार नाही, दिवस नाही रात्र नाही, काळाच्या बाहेर कसं काय जगता हो तुम्ही? वीस वर्षं हसून टाळलं, आज तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, मी काळाच्या बाहेर वगैरे नाही. तुमच्यापेक्षा जास्त आत आहे. इंजिनात एक यंत्र असतं, आम्ही व्हीसीडी म्हणतो. 60 सेकंद ड्रायव्हरने काहीच केलं नाही, ना हॉर्न, ना नॉच (इंजिनाच्या जोराचा टप्पा), ना ब्रेक, तर दिवा लागतो, मग बझर वाजतो, आणि तरी बटण दाबलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. म्हणजे रात्रभर मिनिटामिनिटाला मी जागा असल्याचा पुरावा देत असतो. तुमच्यापैकी कोण देतं? हां, आज गुरुवार की शुक्रवार ते विचारू नका, ते खरंच माहीत नसतं. मालगाडीला टाइमटेबल नसतं, कॉल आला की दोन तासांत लॉबीत, म्हणजे ड्यूटीची हजेरी लागते तिथं, हजर, हेडक्वार्टरला परत आलं की 16 तास रेस्ट, ती कधी सकाळी 9 ला सुरू होते कधी रात्री 2 ला. माझा दिवस साइन ऑनला, म्हणजे ड्यूटीवर चढताना, उगवतो आणि साइन ऑफला, उतरताना, मावळतो.

पूर्वी मी यावर वाद घालायचो. म्हणायचो, तुमचं घड्याळ तरी कुठं तुमचं आहे? 1 जानेवारी 1906 पासून देशाची वेळ 82.5 अंश रेखांशाची, मिर्झापूरकडची, त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावायची. जळगाव साधारण 75.5 अंशावर, अंशाला 4 मिनिटं धरा, आपल्या खान्देशातला सूर्य घड्याळाच्या 28 मिनिटं मागं आहे. मग बाहेर कोण, मी की तुम्ही? लोक गप्प व्हायचे. आकडे अजूनही खरे आहेत, पण ते मी फक्त समोरच्याला गप्प करायला वापरत होतो, हे मला आई गेल्यावर कळलं.

कानबाईचा, आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाचा, रविवार होता. नागपंचमीनंतरचा, खान्देशातल्या माणसाला सांगायला नको, सगळी भाऊबंदकी एका घरात, रोट, रात्रभर गाणी, सोमवारी सकाळी विसर्जन. आई दोन महिन्यांपासून अंथरुणाला होती. शनिवारी दादाचा फोन आला, तिला दिला, तिने एवढंच विचारलं, "कवय येशी रे भाऊ?" मी म्हटलं सोमवारी. सिक टाकू शकलो असतो, म्हणजे आजारी असल्याचं कळवू शकलो असतो, रजेसाठी भांडू शकलो असतो. कोणी अडवलं नव्हतं. मला वाटलं, सोमवार कुठं पळून चाललाय.

शनिवारी रात्री भुसावळहून निघालो, रविवारचा दिवस मनमाडच्या रनिंग रूममध्ये झोपून काढला, रात्री 22:40 ला साइन ऑन, भुसावळकडे गाडी. आमच्या गावाचं स्टेशन चाळीसगाव आणि पाचोऱ्याच्या मधे. 1:38 ला तिथंच लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकलं, मागून मेल-एक्सप्रेस होत्या, त्यांना वाट द्यायची होती, रोजचंच आहे. खिडकीतून गाव दिसत होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला कानबाईच्या मांडवाची लायटिंग, हिरवी-लाल, आणि वारा फिरला की बायकांचं गाणं तुटक-तुटक ऐकू यायचं. स्टेशनपासून घर पायी वीस मिनिटं. असिस्टंट पोरगा म्हणाला, "साहेब, तुमचं गाव ना हे?" मी हो म्हटलं आणि स्टार्टर सिग्नलच्या लाल दिव्याकडे बघत बसलो. इंजिन सोडता येत नाही. फोन नियमाप्रमाणे बंद. दोन गाड्या निघून गेल्या, 3:52 ला सिग्नल मिळाला, मी हॉर्न दिला आणि निघालो. सव्वासहाला भुसावळला साइन ऑफ करून फोन चालू केला तर दादाचे 11 मिस्ड कॉल.

नंतर गुरुजींनी नेमकी वेळ विचारली. त्या रात्री तीनच्या पुढं कधीतरी सप्तमी संपून अष्टमी लागली होती, त्यामुळे वर्षश्राद्ध कोणत्या तिथीला धरायचं हे मिनिटांवर आलं होतं. घरात कोणी घड्याळ बघितलं नव्हतं. वहिनी म्हणाली अजून अंधार होता. दादा म्हणाला, "लूपला एक मालगाडी बराच वेळ उभी होती, ती हॉर्न देऊन निघाली, आई दाराकडे बघत होती, त्यानंतर लगेच."

मी बाहेर ओट्यावर आलो. खिशातल्या डायरीत 3:52 लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. आत जाऊन सांगितलं की रेल्वेत विचारून घेतलंय, तीन बावन्न. गुरुजींनी पंचांग बघितलं, अष्टमी धरली. दादा म्हणतो आई रविवारी गेली, कानबाईच्या दिवशी, आणि पंचांगाने ते बरोबरच आहे, सूर्य उगवेपर्यंत रविवारच असतो. दाखल्यावर सोमवार आहे. मी दोन्हीला हो म्हणतो.

तर वार-तारीख मला असते का? एक तिथी आहे, ती मीच सांगितलेली. वाईट वाटतं का विचाराल तर कधी वाटतं, कधी वाटतं त्या क्षणी तिच्या सगळ्यात जवळ मी होतो, माझा हॉर्न तिने ऐकला असेल, तिला माहीत होतं मी याच लाइनवर चालतो. आणि लगेच दुसरं मन म्हणतं, वीस मिनिटांवर होतास आणि शनिवारी रजा मागितली नाहीस, आता हॉर्नचं काय सांगतोस. दोघांपैकी कोण खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती गाडी माझी होती हे मी दादाला आजपर्यंत सांगितलेलं नाही. तो हे वाचेल. वहिनी नक्की दाखवेल त्याला.