टायटल हातात होतं, तरी मॉडेल ए अडली

१९३० ची फोर्ड मॉडेल ए, ट्यूडर (दोन दारांची) सेडान. तिचं अमेरिकेतल्या आयोवा राज्याचं टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, माझ्या हातात, त्यावर एक्झिक्युटरची (मृत मालकाची मालमत्ता निकाली काढणाऱ्याची) रीतसर सही, लिलावाची पावती सोबत. तरीही आमच्या राज्यातल्या तपासणीत मला तोंडावर सांगितलं गेलं की कागदावरची गाडी ही नव्हेच. तो राग अजून उतरलेला नाही. मृत मालकाच्या मालमत्तेच्या अशा लिलावातून गाडी घेऊ पाहणाऱ्या आपल्या मंडळींना हे आधी कळावं, म्हणून लिहितोय.

लिलाव सुरळीत झाला. एका शेतकऱ्याने आयुष्यभर गाड्या आणि सुटे भाग जमवले होते. तो गेल्यावर मुलांनी सगळं फार्मवरच विकायला काढलं. मिडवेस्टात असे साठे अधूनमधून बाहेर येतात. २०१३ मध्ये नेब्रास्कातल्या पिअर्स गावी लॅम्ब्रेक्ट नावाच्या शेवरोले डीलरने साठवलेल्या सुमारे ५०० गाड्या विकल्या गेल्या. त्यात जेमतेम १.३ मैल चाललेला १९५८ चा कॅमिओ पिकअप १,४०,००० डॉलरला गेला. तसलं घबाड मनात धरून जाऊ नका. बहुतेक गाड्या गंजलेल्या, किल्ली नसलेल्या, उंदरांनी सीट कुरतडलेल्या असतात, आणि त्या 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवरच विकल्या जातात.

आता मूळ अडचण. मॉडेल ए ला आजच्यासारखा १७ अक्षर-आकड्यांचा नंबर नसतो, तो अमेरिकेत १९८१ पासून आला. या गाडीचा इंजिन नंबर हाच गाडीचा नंबर, आणि टायटलवरही तोच चढवलेला. इंजिन नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पाणी आत येतं त्या तोंडाच्या वर ठोकलेला असतो. पण ही इंजिनं लोकांनी सर्रास बदलली. फोर्डने बनवलेल्या जवळपास ४८ लाख मॉडेल ए मधून इंजिन काढून दुसरीत बसवणं हा शेतावरचा नेहमीचा उद्योग होता. माझ्या गाडीतही दुसरं इंजिन होतं. परराज्यातून आलेल्या गाडीची आमच्याकडे नंबर-तपासणी होते. तपासणाऱ्याने बॉनेट उघडलं, नंबर वाचला, कागद बघितला आणि मान हलवली.

मी सांगितलं, टायटलवरचा नंबर फॅक्टरीने चासीवरही (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) ठोकलेला असतो, तो बघा. कुठे आहे, म्हणाला. चासीच्या डाव्या रेलच्या (लांब पट्टीच्या) वरच्या बाजूला, बॉडीच्या खाली. म्हणजे दिसत नाही? नाही, बॉडी उचलावी लागते. मग आम्ही कसा बघणार, असं म्हणून त्याने मला बॉण्डेड टायटलचा, म्हणजे हमी भरून मिळणाऱ्या टायटलचा, कागद दिला. पुढच्या खेपेला काउंटरवर तेच, फोनवर तेच. बॉण्ड म्हणजे गाडीच्या किमतीच्या साधारण दीडपट रकमेची हमी, बहुतेक राज्यांत तीन वर्षांसाठी. खिशातून जातो तो फक्त प्रीमियम, तो काही फार नसतो. ज्याच्याकडे कागदच नाही त्याच्यासाठी ही सोय उत्तम आहे. पण माझ्याकडे अस्सल कागद होता! तो बाजूला सारून तीन वर्षं 'मालकी संशयास्पद' असा शिक्का मी का लावून घ्यावा?

मी हट्ट सोडला नाही. मॉडेल ए क्लबातल्या एका जुन्या सभासदाने बॉडीचे बोल्ट कोणते ढिले करायचे ते दाखवलं. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्री तेल पाजून ठेवा, नाहीतर ते तुटतात. मी आणि माझ्या मेहुण्याने फायरवॉलजवळ (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या भिंतीजवळ) जॅक लावून बॉडी दोन-तीन इंच वर घेतली आणि खाली लाकडी ठोकळे सरकवले. ठोकळे बसल्याशिवाय कोणाचाही हात आत जाता कामा नये. वायर ब्रशने घासून खडू चोळला, तेव्हा आधी तारा उमटला, मग ए, मग सात आकडे, शेवटी पुन्हा तारा. टायटलवरचाच नंबर! मी गॅरेजमध्ये अक्षरशः ओरडलो.

फोटो चालणार नाही, नंबर प्रत्यक्ष बघावा लागेल, असं उत्तर आलं. मग ठोकळे तसेच ठेवून, बॉडी पट्ट्यांनी आवळून, गाडी ट्रेलरवर चढवून तपासणीला नेली. त्या दिवशी दुसरे अधिकारी होते. ते टॉर्च घेऊन वाकले, आकडे एकेक करून मोठ्याने वाचले आणि सही करून मोकळे झाले. टायटल माझ्या नावावर झालं, बॉण्डाविना. ते आरसा वापरून बघतील म्हणून मी घरून आरसाही नेला होता, तो लागला नाही.

एक्झिक्युटर नेमल्याच्या कोर्टाच्या पत्राची प्रमाणित प्रत लिलावाच्या दिवशीच मागून घ्या. पुढे वारस पांगतात आणि फोन उचलत नाहीत. गाडी बघायच्या दिवशी टायटलचा फोटो आणि इंजिन नंबरचा फोटो, दोन्ही काढा. आकडे जुळले नाहीत तरी गाडी सोडू नका, फक्त चासीचं काम किमतीत धरून बोली लावा.

भागांच्या ढिगाऱ्यावर बोली लावताना ऑक्शनियर 'टाइम्स द मनी' म्हणाला, तर बोली एका नगाची असते आणि ती सगळ्या नगांनी गुणली जाते. दहा चाकांना ४० डॉलर म्हणजे ४०० डॉलर. वर बायर्स प्रीमियम (बोलीवर खरेदीदाराकडून घेतली जाणारी जादा रक्कम) आहे का तेही विचारा. आणि चाकं घेणार असाल तर टेप न्या: १९२८-२९ ची २१ इंची, १९३०-३१ ची १९ इंची, आणि ढिगात दोन्ही मिसळलेली असतात.